गॅलरीतलं सँडविच

घोडेगावच्या आमच्या घरातून बाहेर पडायला एकच वाट होती, आणि ती दुकानातून जायची. वर राहायचं घर, खाली धान्याचं दुकान, मध्ये लाकडी जिना. जिना उतरलं की समोरच सासऱ्यांची गादी. मागे एक दार होतं, पण ते गोदामाच्या आवारात उघडायचं आणि आवाराला बाहेरून कुलूप असायचं. त्यामुळे मला साधी सुई आणायची असली तरी पदर नाकापर्यंत ओढून, तांदूळ आणि हिरडा विकायला आलेल्या डोंगरातल्या माणसांमधून वाट काढत, सासऱ्यांच्या समोरून जावं लागायचं. जाऊ नकोस, असं मला कुणी कधी म्हणालं नाही. सासरे फक्त मान वर करून "कुठं?" एवढंच विचारायचे. त्या एका शब्दाला त्यांना पटेल असं उत्तर मला सापडायचं नाही. मग सुई कुणाकडून तरी मागवली जायची.

आम्ही मारवाडी जैन. सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन या बाजारपेठेत स्थिरावले होते. घरात मराठी आणि मारवाडी अशा मिसळून बोलल्या जायच्या की एक कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते कळायचं नाही. मी पुण्याची. माझ्या माहेरच्या इमारतीत तळमजल्यावर एक ख्रिस्ती बाई राहायच्या. त्या केक, बिस्किटं, पाव, सँडविच असं सगळं शिकवायच्या. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे शिकले आणि पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. त्यांची नजर अधू होत चालली होती. "पुढच्या वर्षीपासून क्लास तूच घे," असं त्या म्हणाल्या, आणि त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. बघायला आलेल्यांना वडिलांनी क्लासचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो हो, करेल की तिथंही." नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि मला ते खरं वाटलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, विषय काढला.

"बाईंना विचार," हे म्हणाले. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

मी बाईंना विचारलं. त्या तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

"क्लासला बायका कुठून येणार?"

"इथल्याच. गावातल्या."

"ते नाही विचारलं. वर कुठून येणार? दुकानातून?"

मी जिन्याचा विचारच केला नव्हता. बाईंनी डाळीतला एक खडा बाजूला टाकला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "उरलेली तू निवड," म्हणाल्या. बोलणं तिथं संपलं.

सँडविच मात्र मी केलं. ह्यांना ते फार आवडायचं. पुण्याला गेले की हे पाव आणि चीजचा डबा घेऊन यायचे, आणि माहेरहून आणलेला, गॅसवर धरायचा ॲल्युमिनियमचा टोस्टर माझ्या ट्रंकेत होताच. पहिल्यांदा केलं तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"पाव म्हणजे आंबवलेलं पीठ. किती दिवसांचं, कुणी पाहिलंय?" त्या म्हणाल्या. "आणि हे पिवळं काय आहे?"

"चीज. दुधाचंच असतं."

"दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात म्हणे. स्थानकात महाराजांच्या प्रवचनात ऐकलंय मी."

"यात तसलं काही नाही. मी विचारून घ्यायला सांगितलं होतं."

बाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्या वाद घालायच्याच नाहीत. "ज्याला खायचंय त्याने खावं," म्हणाल्या. "पण माझ्या ओट्यावर नको. करायचं तर गॅलरीत जाऊन कर."

त्यांनी ते शिक्षा म्हणून सांगितलं होतं, पण मला त्या घरात पहिल्यांदाच उघड्यावर बसायला जागा मिळाली. गॅलरी मागच्या बाजूला होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. खाली गोदामाचं आवार, पलीकडे शाळेच्या मैदानाचा एक कोपरा, आणि त्याच्याही मागे भीमाशंकरच्या बाजूचे डोंगर. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची, तिथून फक्त विटा दिसायच्या. गॅलरीत मला मैदानावर खेळणारी मुलं दिसायची, एसटीचा आवाज ऐकू यायचा, वारा लागायचा. जुनी कोळशाची शेगडी, एक वेगळा तवा, एक चिमटा, एवढा माझा संसार मी तिथं मांडला. रविवारी दुपारी बाई सामायिक करायला, म्हणजे जप-ध्यानाला बसायला, जैन स्थानकात जायच्या. तेव्हा मी शेगडी पेटवायची.

माझी नणंद तेव्हा अकरावीला होती. सायन्सला गेलेली, बारीक, चष्मा लावणारी. भावाचं लग्न झाल्यावर वहिनीशी बोलायला ती पहिले काही महिने लाजत होती. गॅलरीत धूर दिसला तशी एका रविवारी येऊन उंबऱ्यावर बसली.

"भाभी, मिरची जळतेय तुझी."

"जळू दे. जाळायचीच असते."

ढोबळी मिरची मी सरळ निखाऱ्यावर ठेवायची. आमच्याकडे कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि पुण्यातल्या गाडीवरच्या सँडविचमध्ये बटाटा नसेल तर फारसं काही उरत नाही. त्या ख्रिस्ती बाईंनी मला भाज्या भाजायला शिकवलं होतं ते याचसाठी. "तुमच्यातलं काय काय जातं ते सोड, जे उरतं त्याची चव वाढव," म्हणायच्या. मिरचीची साल चौफेर काळी झाली की ती डब्यात घालून वर झाकण लावायचं. आतल्या आत वाफ धरली की साल बोटांनी निघते. टोमॅटो अर्धे कापून तव्यावर पालथे घालायचे आणि हलवायचे नाहीत. पाणी आटून कडा काळपट होईपर्यंत थांबायचं. थांबणं लोकांना जमत नाही, म्हणून त्यांचं सँडविच ओलं होतं. दुधीच्या पातळ चकत्या तेलाचा हात लावून दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायच्या. मक्याचे दाणे तडतडले की काढायचे. मीठ, मिरपूड, लिंबू. चीज किसून खाली एक थर आणि वर एक थर, म्हणजे भाज्या दोन्हीकडून धरल्या जातात. पावाला बाहेरून घरचं लोणी.

टोस्टरमध्ये एका वेळी एकच व्हायचं आणि ते फार दाबलं जायचं, म्हणून आम्ही तव्यावर करायला लागलो. वरून वजन हवं होतं. नणंदेनं दुकानातलं एक जुनं, वापरात नसलेलं लोखंडी वजन आणलं. आम्ही ते घासून धुतलं, कापडात गुंडाळलं आणि सँडविचवर ताटली ठेवून त्या ताटलीवर ठेवलं. चीज वितळून कडेनं बाहेर आलं आणि तव्यावर कुरकुरीत झालं. ते कुरकुरीत तुकडे आम्ही दोघींनी उचलून आधी खाल्ले.

असे पुष्कळ रविवार गेले. तिला मी सगळं हातात धरून शिकवलं. शिकवायला कुणीतरी मिळालं याचंच मला इतकं बरं वाटायचं की ती काय बोलतेय याकडे कधी कधी माझं लक्षच नसायचं. पण एकदा टोमॅटोकडे बघत ती म्हणाली, "मी फार्मसीला जाणार. गोळ्या कशा बनवतात ते शिकायचंय मला."

"घरी सांगितलंस?"

"बारावी होऊ दे. मार्क दाखवून सांगते." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "भाभी, तुला परत पुण्याला जावंसं वाटतं का गं?"

"वाटतं."

"मग जात का नाहीस?"

"कुठून जाऊ? दुकानातून?" मी म्हणाले. ती हसली. मग मीही हसले.

बारावीला तिला चांगले मार्क पडले. सासऱ्यांनी पेढे वाटले. फार्मसीचं तिनं सांगितलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. आणि त्याच उन्हाळ्यात पारगावचं स्थळ आलं. साखर कारखान्याजवळ त्यांचं मोठं किराणा दुकान. मुलगा एकुलता, दिसायला बरा, दुकान बघणारा. घर वर, दुकान खाली. हे ऐकलं तेव्हा नणंदेनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

बघायला यायच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मला बोलावलं.

"मुलाची आई नव्या पद्धतीची आहे म्हणे. पुण्याला लग्नात भाजलेल्या भाज्यांचं सँडविच खाल्लं, ते सगळीकडे सांगत असते. तुझं ते गॅलरीतलं कर त्या दिवशी."

"पाव चालेल?"

"पाहुण्यांना चालतो तर मी कोण?" बाई म्हणाल्या. "पाळायची तिथी नाही त्या दिवशी, हिरव्या भाज्या चालतील. आणि हे बघ, कुणी विचारलं तर हिनं केलं म्हणायचं. तिला येतं ना?"

"येतं."

"मग खोटं थोडंच आहे."

आदल्या दिवशी दुपारी नणंद गॅलरीत आली. मी शेगडी साफ करत होते.

"भाभी, उद्या तू ते बिघडव."

मी शेगडीतली राख भरत राहिले.

"मीठ जास्त घाल. मिरची कच्ची ठेव. काहीही कर. त्यांना आवडलं की संपलं."

"बाईंना लगेच कळेल मी मुद्दाम केलं ते."

"कळू दे की."

"तुला काही होणार नाही," मी म्हणाले. "मला होईल. माझ्या आईवडिलांपर्यंत जाईल."

ती उंबऱ्यावरून मागे वळली. "मग कर तू छान," म्हणाली आणि आत निघून गेली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ह्यांना मी विचारलं, "तिला शिकायचंय, तुम्ही काही बोलणार नाही का?"

"तू यात पडू नकोस," हे म्हणाले. "पाहुणे आहेत, येतील, खातील, जातील. लगेच काही ठरत नसतं."

पण ठरत असतं, हे मला माहीत होतं. माझंही तसंच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. बेकरीतून पाव आणायला कामाच्या मावशींना पाठवलं होतं. त्या डोंगरातल्या, आहुप्याच्या बाजूच्या, आमच्याकडे पाणी भरायला आणि झाडलोटीला यायच्या. पाव माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी रडतीया आत. कुणी बगितलं न्हाई जनू." मी पाव घेतला.

गॅलरीत वरून ऊन आणि खालून निखारे. डोक्यावर पदर, कारण सासरे वर येऊन बसले होते. मिरच्या भाजल्या, झाकल्या, सोलल्या. मग मीठ घ्यायला डब्यात हात घातला. मूठ भरली गेली. ती मूठ मी किती वेळ धरून उभी होते कुणास ठाऊक. आतून बाईंचा आवाज आला, "झालं का?" मी मीठ परत डब्यात टाकलं आणि लागतं तेवढं चिमटीनं घेतलं. पुढचं सगळं हात आपसूक करत गेले. एकही सँडविच ओलं झालं नाही, एकही करपलं नाही. इतकी चांगली सँडविचं मी पुण्यातही केली नव्हती.

नणंद ताटं घेऊन बाहेर गेली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. तिथून बैठकीतलं दिसायचं नाही, पण सगळं ऐकू यायचं.

"वा," मुलाची आई म्हणाली. "पुण्याला असंच होतं. नाही, याहून बरं आहे हे. कुणी केलं?"

"हिनंच," बाई म्हणाल्या.

"हो का? मिरचीची साल कशी काढलीस गं?"

"निखाऱ्यावर भाजायची आणि डब्यात झाकून ठेवायची," नणंद म्हणाली. "वाफेनं सुटते."

"आणि टोमॅटोचं पाणी?"

"पालथे ठेवून आटवायचे. हलवायचं नाही."

तिनं एकेक उत्तर बरोबर दिलं. गॅलरीत मी जसं सांगितलं होतं, त्याच शब्दांत. दाराआड उभी राहून मी ते ऐकत होते. मीच तिला हे शिकवलं होतं. त्या घरात मला जो एक आनंद होता, त्यातूनच तिला दुसऱ्या तशाच घरात नेऊन ठेवायची तयारी झाली होती.

"मुलगी हुशार आहे," मुलाची आई म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना रोज नवीन काहीतरी लागतं. करशील ना? आणि पुढं शिकायचं वगैरे काही डोक्यात नाही ना? आमच्याकडे त्याला वेळ मिळायचा नाही, आधीच सांगते."

कपबशीचा आवाज झाला.

"हे मी नाही केलं," नणंद म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मला दाराच्या जवळ सरकावं लागलं. "भाभीनं केलंय. मला येतं, पण आज मी केलं नाही. आणि मला फार्मसीला जायचंय."

सासऱ्यांनी घसा खाकरला. बाई म्हणाल्या, "लहान आहे, काहीही बोलते." मुलाचे वडील म्हणाले, "नाही नाही, खरं बोलली ते चांगलंच झालं." ते हसले, पण त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही.

मग मुलाची आई म्हणाली, "भाभीला बोलवा की. बघू तरी."

मी बाहेर गेले. घुंघट ओढलेला, त्यामुळे मला फक्त जमीन आणि सगळ्यांचे पाय दिसत होते.

"कुठं शिकलात?" तिनं विचारलं.

"पुण्याला. मी शिकवायची तिथं. केक, पाव, सगळंच."

"अरे वा. मग इथं काय करता त्याचं?"

लग्न होऊन मला तोवर दोन वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जी बाई माझ्या नणंदेला शिकू देणार नव्हती, तिनं विचारला.

"घर सांभाळते," बाई म्हणाल्या. मग मी आत गेले.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी काही कळवलं नाही. त्यांनी इतरांना मात्र सांगितलं असावं, कारण त्या वर्षी दुसरं स्थळ आलं नाही. पोरगी तोंडाळ आहे, एवढी बातमी आमच्या समाजात पसरायला वेळ लागत नाही. बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. काय हवं ते त्या भिंतीला सांगायच्या. "पोळ्या कमी पडतील आज," असं म्हणून आत जायच्या. मी काय चूक केली होती ते मला कळत नव्हतं. मी तर सगळं नीट केलं होतं. कदाचित नणंदेनं माझं नाव घेतलं, हेच त्यांना लागलं असेल.

पावसाळ्याच्या तोंडावर सासऱ्यांनी गॅलरीला पत्रे मारून घेतले. गोदामात जागा पुरत नव्हती, हिरड्याची पोती वर ठेवायची होती. कारण खरंच होतं, त्या वर्षी हिरडा भरपूर आला होता. माझी शेगडी मावशींनी खाली नेली. पोती छतापर्यंत लागली, आणि मागून येणारा उजेड बंद झाला. घरभर हिरड्याचा तुरट वास राहिला. मी स्वयंपाकघरात विटा बघत पोळ्या लाटायची.

नणंदेचं मात्र झालं. स्थळ येत नाही तोवर घरात बसून तरी काय करणार, असं म्हणत सासऱ्यांनी तिला डिप्लोमाला जाऊ दिलं. कॉलेज एसटीनं जाऊन येण्यासारखं होतं. रोज सकाळी ती वही छातीशी धरून जिना उतरायची, सासऱ्यांसमोरून बाहेर पडायची, आणि "कुठं?" असं तिला कुणी विचारायचं नाही. तिचा डबा मी भरायची. तो भरताना मला आनंद व्हायचा आणि हेवाही वाटायचा. दोन्ही एकदमच व्हायचं. "भाभी, आज प्रॅक्टिकल होतं," असं ती संध्याकाळी सांगायला लागली की मी कधी ऐकत बसायची, आणि कधी काम आहे म्हणून उठून जायची.

पुढे तिनं स्वतः पसंत करून लग्न केलं, मुलगा आपल्यातलाच, जुन्नरचा. दोघांनी मिळून तिथं औषधाचं दुकान काढलं. दुकानात ती काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असते, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पायरीवरच थांबून बघत राहिले.

माझी दोन्ही मुलं मोठी होत गेली. चीज आता मंचरमध्येच तयार व्हायला लागलं होतं आणि वाण्याच्या दुकानातही मिळायचं. मुलं टीव्हीवर बघून हट्ट धरायची, म्हणून बाईंनी ओट्यावर पाव ठेवायला हरकत घेणं सोडून दिलं. त्यांचे गुडघे गेले होते, त्या स्वयंपाकघरात फारशा यायच्या नाहीत. ओटा माझ्या ताब्यात आला, पण त्यात मिळवल्यासारखं काही वाटलं नाही.

एका मे महिन्यात नणंद माहेरपणाला आली आणि बाईंना म्हणाली, "बाई, भाभीला माझ्याकडे पाठव. माझ्या गच्चीवर क्लास घेऊ दे. मुली विचारतायत."

"घर कोण बघणार?"

"रोज जाऊन येईल. सकाळची एसटी आहे."

बाई बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे." आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मला कळेना त्या हो म्हणाल्या की नाही. "हो म्हणाली," नणंद मला म्हणाली.

पहिल्या दिवशी पिशवी घेऊन मी जिना उतरले. सासरे म्हातारे झाले होते, पण गादीवर तेच बसायचे.

"कुठं?"

"जुन्नरला. क्लास घ्यायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी रस्त्यावर आले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

गच्चीवर दहा-बारा मुली यायच्या. कॉलेजातल्या, काही नवीन लग्न झालेल्या. एक पिंपरी पेंढारची होती, शिकायला जुन्नरला राहिलेली. तिच्या वडिलांनी शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावली होती. ती पिशवी भरून घेऊन आली. "मॅडम, आमच्याकडं ढोबळी पोत्यानं पडती," म्हणाली, "पण आमी कदी भाजून न्हाई खाल्ली. भाजीच लई झाली." मला मॅडम म्हणणारी ती पहिली. मी तिच्या हातात चिमटा दिला आणि निखाऱ्याशी बसवलं. मिरची काळी झाली तशी ती घाबरून काढायला लागली. "थांब," मी म्हणाले. "अजून थांब."

शिकवताना माझं अर्धं लक्ष मात्र घड्याळाकडे असायचं. परतीची एसटी चुकली तर दिवसाउजेडी जेवण होणार नाही, हे डोक्यात ठकठकत राहायचं. मुली शेवटचं सँडविच खायला बसायच्या तेव्हा मी पिशवी भरून उभी असायची. त्यांच्याबरोबर बसून मी एकदाही खाल्लं नाही. एसटीत बसल्यावर हाताला भाजलेल्या मिरचीचा वास यायचा, आणि तो घोडेगाव येईपर्यंत टिकायचा.

तिसऱ्या आठवड्यात, मी पावाचं पीठ कसं फुगतं ते दाखवत असताना नणंद दुकानातून धावत वर आली. घरून फोन आला होता. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी हात न धुताच निघाले. एसटीत मला बाईंची काळजी वाटत होती, आणि तेवढंच हेही वाटत होतं की उद्या मी येऊ शकणार नाही. परवाही नाही. त्या मुलींचं पीठ तसंच परातीत राहिलं होतं.

ऑपरेशन झालं, पण बाई पुन्हा चालल्या नाहीत. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत हलवला. मागे पोती, पुढे पलंग, आणि मध्ये मी. त्यांना कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, भरवायचं. त्या कधी तक्रार करायच्या नाहीत. तासन्‌तास छताकडे बघत पडून राहायच्या. त्यांना पाहिलं की मला कधी दया यायची, कधी राग यायचा. राग आला की मी त्यांचे पाय जास्त वेळ चेपायची.

एका दुपारी मी चेपत होते तेव्हा डोळे मिटलेल्या बाईंनी विचारलं, "काय शिकवायचीस गं तिथं, जुन्नरला?"

मला वाटलं त्यांना झोप लागली असेल आणि त्या झोपेत बोलत असतील. मग त्यांनी पुन्हा विचारलं.

मी सांगायला लागले. मिरची कशी भाजायची, टोमॅटो कसे पालथे घालायचे. त्या मध्येच म्हणाल्या, "साल काढल्यावर मिरची धुवायची?"

"नाही. धुतली की भाजल्याची चव जाते. थोडं काळं राहिलं तरी चालतं."

"मी धुतली असती," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि मग?"

मी पुढचं सांगायला लागले. दुसरा पाय चेपायचा राहिला होता, म्हणून मी पलंगाच्या त्या बाजूला जाऊन बसले.